ज्येष्ठांचा कर्णधार: अजित वाडेकर, १९७१ ते १९७४

जानेवारी १९७१. वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी भारतीय क्रिकेट संघाचा कर्णधार ठरवायला निवड समिती बसली. मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने कर्णधारपद अजित वाडेकरांकडे आलं. वाडेकर तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. शिवाजी पार्कच्या मैदानातून वर आलेले, स्टेट बँकेत नोकरी करणारे, मुंबईचे कर्णधार, भारतासाठी वरच्या क्रमांकावर खेळणारे डावखुरे फलंदाज. ज्यांच्या जागी ते आले ते मन्सूर अली खान पतौडी १९६२पासून जवळजवळ सलग कर्णधार होते. वाडेकर पहिली कसोटी खेळले ती डिसेंबर १९६६मध्ये, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, पतौडींच्याच हाताखाली. साध्या भाषेत सांगायचं तर साहेबाला बाजूला करून त्याच्याच टेबलावरच्या माणसाला साहेब केलं, आणि तेही एका मताने.

नव्याने बढती मिळालेल्या मंडळींसमोर बोलायची वेळ आली की मी हेच प्रकरण निवडतो. त्याची पहिली दोन वर्षं यशाची आहेत, म्हणून ते सांगायला आवडतं. पण मला ते मोलाचं वाटतं ते चौथ्या वर्षामुळे. तोच माणूस, तीच पद्धत, बरीचशी तीच माणसं, आणि निकाल पार उलटा. यशाच्या कथेत नायकाचा प्रत्येक निर्णय शहाणपणाचा ठरवण्याचा मोह होतो. इथे पुढचं अपयश तो मोह आवरायला लावतं.

पतौडींची बाजू आधी नीट समजून घ्यायला हवी. १९६२मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू बसला आणि एकविसाव्या वर्षी पतौडींवर जबाबदारी येऊन पडली. एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली असताना त्यांनी ती पेलली. प्रसन्ना, बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन ही फिरकी त्यांच्या काळात उभी राहिली. १९६८मध्ये न्यूझीलंडमध्ये ३-१ असा परदेशातला पहिला मालिकाविजय त्यांनीच मिळवून दिला. आपण एका प्रांताचे नसून भारताचे खेळाडू आहोत, ही भावना संघात रुजवण्याचं श्रेय त्यांच्याबरोबर खेळलेले जवळजवळ सगळे त्यांनाच देतात. मात्र १९६९-७०च्या मोसमात घरच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाकडून १-३ असा पराभव झाला होता. मर्चंट तरुणांना पुढे आणत होते. सोलकर, विश्वनाथ, अशोक मांकड त्याच मोसमात कसोटीत आले. त्यामुळे बदलाला कारण होतं. तरीही कुजबुज झालीच. १९४६च्या इंग्लंड दौऱ्यावर मर्चंट यांना डावलून थोरल्या पतौडींना, म्हणजे मन्सूर यांच्या वडिलांना, कर्णधार केलं होतं, त्याचा हिशेब आता चुकता झाला, असं बोललं गेलं. खरंखोटं मर्चंट जाणोत. आपल्या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच की नव्या कर्णधाराच्या नेमणुकीवर, त्याने काहीही करण्याआधीच, दुसऱ्याच कुणाच्या भांडणाची सावली पडली होती. कार्यालयांतही हे नेहमी घडतं. दोन वरिष्ठांच्या ओढाताणीत तिसऱ्याची वर्णी लागते, आणि मग तो आयुष्यभर 'अमक्याचा माणूस' म्हणून ओळखला जातो.

पतौडी दौऱ्यावर आले नाहीत. उपलब्ध नसल्याचं त्यांनी कळवलं आणि त्या वर्षी गुडगावहून लोकसभेची निवडणूक लढवली. माजी साहेब खोलीत नसणं ही वाडेकरांना मिळालेली सवलतच होती. पण त्यांची माणसं खोलीत होती.

संघाकडे बघा. एम. एल. जयसिंहा वाडेकरांपेक्षा वयाने मोठे, पतौडींचे जवळचे मित्र आणि हैदराबादचे कर्णधार. हैदराबादच्या संघात खुद्द पतौडी त्यांच्या हाताखाली खेळायचे. सलीम दुराणी चाळिशीकडे झुकलेले, प्रतिभेचे धनी, लहरी म्हणून प्रसिद्ध. दिलीप सरदेसाई मूळचे मडगावचे, मुंबईच्या संघातले जुने सहकारी. त्यांची कारकीर्द संपल्यात जमा आहे असं लोक म्हणत होते. प्रसन्ना आणि बेदी जगातल्या उत्तम फिरकी गोलंदाजांत मोडणारे, आणि त्यांची घडण पतौडींच्या काळातली. दुसऱ्या टोकाला सुनील गावस्कर नावाचा, अजून एकही कसोटी न खेळलेला एकवीस वर्षांचा मुलगा. वेंकटराघवन उपकर्णधार, केकी तारापोर व्यवस्थापक. समोरचा संघ गारफिल्ड सोबर्सचा. वेस्ट इंडिजविरुद्ध आधीच्या पाच मालिका भारताने गमावल्या होत्या आणि तेवीस कसोटींत एकही जिंकली नव्हती.

अशा वेळी नवा अधिकारी सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. जुन्या माणसांना बाजूला सारून आपल्या विश्वासाची माणसं भोवती जमवतो, किंवा सगळ्यांना खूश ठेवायच्या नादात निर्णयच घेत नाही. वाडेकरांनी तिसरी वाट धरली. सरदेसाईंना संघात घ्यावं म्हणून आग्रह धरणाऱ्यांत ते स्वतः होते. जयसिंहांच्या क्रिकेटच्या जाणकारीचा त्यांनी उघडपणे उपयोग करून घेतला, त्यांच्याशी सल्लामसलत केली. त्या दौऱ्यावर जयसिंहांची बॅट चालली नाही आणि तो त्यांचा शेवटचा कसोटी दौरा ठरला, पण त्या ड्रेसिंगरूममध्ये त्यांचं वजन किती होतं हे तिथल्या अनेकांनी नंतर सांगितलं आहे. पदच्युत कर्णधाराच्या जिवलग मित्राला कोपऱ्यात बसवलं असतं तर तोच कोपरा दुसरं सत्ताकेंद्र झाला असता. वाडेकरांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं.

हे लिहायला सोपं, करायला अवघड. आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्याला विचारायचं म्हणजे 'याला काही येत नाही' हा शिक्का बसण्याची भीती असते. ती भीती जायची असेल तर आपला म्हणता येईल असा एक ठाम, सगळ्यांना दिसणारा निर्णय लवकर घ्यावा लागतो. वाडेकरांना ती संधी पहिल्याच कसोटीत मिळाली.

किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर पहिला दिवस पावसात वाहून गेला. दुसऱ्या दिवशी भारताची अवस्था ५ बाद ७५. तिथून सरदेसाईंनी सोलकरला साथीला घेऊन डाव सावरला, स्वतः २१२ धावा केल्या आणि भारत ३८७पर्यंत पोचला. वेस्ट इंडिज २१७मध्ये बाद. आघाडी १७० धावांची. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन द्यायला, म्हणजे समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायला, २०० धावांची आघाडी लागते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण पहिला दिवस पूर्ण वाया गेला की सामना चार दिवसांचा धरला जातो आणि तिथे १५० पुरतात. वाडेकर सरळ वेस्ट इंडिजच्या ड्रेसिंगरूममध्ये गेले आणि सोबर्सला म्हणाले, तुम्हाला पुन्हा खेळायचंय. सोबर्सचा आधी विश्वास बसेना. खोलीतल्या बाकीच्यांनाही ते ऐकू गेलं.

सामना अनिर्णित राहिला. कन्हायने नाबाद १५८ केल्या, सोबर्सने ९३, आणि वेस्ट इंडिजने दुसऱ्या डावात आरामात वेळ काढला. धावफलकावर त्या निर्णयाने काही दिलं नाही. पण त्या क्षणापर्यंत भारताने वेस्ट इंडिजला कधी फॉलोऑन दिला नव्हता. आता समोरच्या संघाला कळलं की हा पाहुणा नुसता खेळायला आलेला नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्या संघाला कळलं की नव्या कर्णधाराला नियम पाठ आहेत आणि ते लागू करायला तो कचरत नाही. मुंबईच्या मैदानांत यालाच खडूसपणा म्हणतात. समोरच्याला एक धाव फुकट द्यायची नाही, एक सवलत सोडायची नाही. वाडेकर बोलायला मितभाषी, चेहऱ्यावर झोपाळू शांतपणा, पण आतून हा खडूसपणा पुरेपूर. त्यांचा अधिकार आवाजातून आला नाही. पुस्तकातला एक नियम योग्य वेळी आठवण्यातून आला. नव्या पदावरच्या माणसाला यात आधार आहे, कारण व्यक्तिमत्त्व एका रात्रीत बदलता येत नाही. नियमपुस्तिका मात्र रात्री जागून वाचता येते.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला, ६ मार्चपासून. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर अबिद अलीने फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. वेस्ट इंडिज २१४, भारत ३५२. सरदेसाईंचं शतक, पहिल्याच कसोटीत गावस्करच्या ६५. दुसऱ्या डावात वेस्ट इंडिजने दिवस संपताना एक बाद दीडशेपर्यंत मजल मारली आणि सामना निसटतो की काय असं वाटू लागलं. इथे दुराणींचा प्रसंग येतो. तो इतक्या जणांनी सांगितला आहे की तपशील थोडे इकडेतिकडे होतात. गाभा एकच आहे. दुराणींनी चेंडू मागितला. सोबर्स आणि लॉइड यांना मी काढतो, असं ते म्हणाले. बेदी, प्रसन्ना, वेंकट हाताशी असताना, ज्याच्याबद्दल 'मनात आलं तर खेळेल' असं बोललं जायचं त्या माणसाच्या हाती सामना सोपवायचा का? वाडेकरांनी सोपवला. दुराणींनी सोबर्सचा शून्यावर त्रिफळा उडवला, आणि लॉइडचा फटका थेट वाडेकरांच्या हातात विसावला. त्या डावात दुराणींनी १७ षटकांत २१ धावा देऊन दोनच बळी घेतले, पण ते हे दोन होते. पाच बळी वेंकटराघवन यांनी घेतले. विजयासाठी १२४ हव्या होत्या. गावस्करने नाबाद ६७ करून सात गडी राखून सामना जिंकून दिला. वेस्ट इंडिजवरचा भारताचा हा पहिला कसोटीविजय.

या प्रसंगाचा अर्थ 'नेत्याने जुगार खेळावा' असा लावला जातो, तो मला पटत नाही. मला दिसतं ते असं: दुराणींना कर्णधाराकडे जाऊन चेंडू मागावासा वाटला. नव्या साहेबाच्या कारकिर्दीच्या दुसऱ्याच सामन्यात एक ज्येष्ठ, नाराज व्हायला भरपूर कारणं असलेला माणूस स्वतःहून जबाबदारी अंगावर घ्यायला पुढे आला. निर्णय वाडेकरांचा होताच, पण तो घेण्याजोगी परिस्थिती आधीच्या काही आठवड्यांत तयार झाली होती. जिथे माणसं चेंडू मागत नाहीत, तिथे तो कुणाला द्यायचा याची कर्णधाराची समज किती वापरात येणार?

पुढच्या तिन्ही कसोटी अनिर्णित राहिल्या. म्हणायला अनिर्णित, प्रत्यक्षात प्रत्येक सामन्यात जीव टांगणीला. १ एप्रिलला, वाडेकरांच्या तिसाव्या वाढदिवशी, ब्रिजटाऊनची कसोटी सुरू झाली. वेस्ट इंडिजने पाच बाद ५०१वर डाव सोडला आणि भारताची अवस्था ६ बाद ७०. पुन्हा सरदेसाई आणि सोलकर. सातव्या जोडीसाठी १८६. शेवटच्या कसोटीत गावस्करच्या १२४ आणि २२०. मालिकेत गावस्करच्या ७७४ धावा, सरदेसाईंच्या ६४२. शेवटच्या कसोटीची एक गंमत गावस्कर नेहमी सांगतात. सोबर्स खेळायला जाण्याआधी शुभ म्हणून गावस्करला हात लावून जायचा. त्या दिवशी वाडेकरांनी गावस्करला बाथरूममध्ये कोंडून ठेवलं. सोबर्स शून्यावर बाद झाला. गंमत खरी, पण तणावाचे इतके आठवडे काढल्यावर कर्णधाराला असं काही सुचतं आणि बाकीचे त्यात सामील होतात, यातून संघाचं मन कळतं.

एक गोष्ट फार कमी जण बोलतात. या मालिकेत वाडेकरांची स्वतःची बॅट जवळजवळ मुकी होती. बढतीनंतरची ही सगळ्यात बोचरी अडचण. ज्या कामातल्या गुणामुळे आपल्याला वर नेलं, ते कामच नव्या जबाबदारीच्या ओझ्याखाली बिघडतं. मग माणूस अस्वस्थ होऊन जुन्या कामात पुन्हा डोकं घालतो, हाताखालच्यांचं काम स्वतः करू लागतो, कारण तिथे त्याला आपण कुणीतरी असल्याची खात्री मिळते. उत्तम शिक्षिका मुख्याध्यापक झाल्यावर सगळे वर्ग स्वतः घेऊ बघते, उत्तम फिटर सुपरवायझर झाल्यावर पाना सोडत नाही. वाडेकरांनी इतरांच्या धावा आपल्या मानल्या. हे कसं जमलं याचं उत्तर कदाचित मुंबईच्या संघात असावं. तिथे रणजी करंडक १९५८-५९पासून दरवर्षी येत होता आणि कुणा एकाच्या अपयशाने तो अडत नव्हता. त्याच मोसमात मुंबईचे प्रमुख खेळाडू वेस्ट इंडिजमध्ये असताना उरलेल्यांनी महाराष्ट्राला हरवून तो जिंकला.

इंग्लंडच्या दौऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण ओव्हलची गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. इलिंगवर्थचा संघ त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ॲशेस जिंकून आलेला. भारतीय संघात चंद्रशेखर परतले होते. १९६८नंतर ते कसोटी खेळले नव्हते. लॉर्ड्सवर वाडेकरांनी ८५ केल्या, तो सामना आणि मँचेस्टरचा सामना अनिर्णित. ओव्हलला पहिल्या डावात भारत ७१ धावांनी मागे. मग चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंड १०१मध्ये संपला. त्या डावात सरदेसाई चंद्राला ओरडून 'मिल रीफ' टाक म्हणाले होते. त्या वर्षीच्या डर्बी विजेत्या घोड्याचं ते नाव, म्हणजे वेगवान चेंडू टाक. एड्रिचचा त्रिफळा उडाला. कर्णधाराला न विचारता गोलंदाजाला सल्ला दिला गेला आणि कर्णधाराला त्यात आपला अपमान वाटला नाही.

जिंकायला १७३ हव्या होत्या. चौथ्या दिवसअखेर २ बाद ७६, वाडेकर ४५वर नाबाद. २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, सकाळी एकही धाव न वाढवता ते धावबाद झाले. ड्रेसिंगरूममध्ये आले आणि झोपले. खाली सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनीअर एकेक धाव जमवत होते आणि कर्णधार झोपलेला. अबिद अलीने विजयी चौकार मारल्यावर इंग्लंडचा माजी फलंदाज केन बॅरिंग्टनने येऊन त्यांना उठवलं. इंग्लंडच्या भूमीवर भारताचा पहिला कसोटीविजय, पहिला मालिकाविजय. पुढे १९७२-७३मध्ये टोनी लुइसच्या इंग्लंड संघाला आपल्याकडे २-१ हरवलं. सलग तीन मालिका. त्यात मद्रासच्या कसोटीत पतौडी वाडेकरांच्या नेतृत्वाखाली खेळले आणि पहिल्या डावात ७३ धावा करून गेले. माजी साहेब आपल्या हाताखाली येऊन मन लावून काम करतो, याहून मोठी पावती नव्या साहेबाला मिळत नाही. यात पतौडींचा मोठेपणा आहे, पण त्यांना तिथे अवघडल्यासारखं वाटू न देणाऱ्याचाही आहे.

आता दुसरी बाजू.

इंग्लंडच्या १९७१च्या तिन्ही कसोटींत प्रसन्ना बाहेर बसले. वेंकटराघवन उपकर्णधार, त्यांची फलंदाजी थोडी बरी आणि जवळचं क्षेत्ररक्षण उत्कृष्ट. ऑफस्पिनर एकच खेळवायचा तर ते, असा हिशेब असावा. निकालाने तो बरोबर ठरवला. पण प्रसन्नांसारख्या गोलंदाजाला ते लागणारच. जिंकणाऱ्या संघात अशा नाराजीला वाचा नसते. कोण तक्रार ऐकणार? मालिका जिंकली ना! माझं मत असं की नव्या नेत्याच्या पहिल्या यशाचा खरा धोका इथे असतो. यश मिळालं की न झालेली संभाषणं झाल्यासारखी वाटू लागतात.

फेब्रुवारी १९७३नंतर भारत जून १९७४पर्यंत एकही कसोटी खेळला नाही. या मधल्या काळात काय काय बदललं ते पाहा. सरदेसाई निवृत्त. जयसिंहा केव्हाच गेलेले. दुराणींची कसोटी कारकीर्द संपलेली. पतौडी बाहेर. १९७१मध्ये ज्यांच्या खांद्यावर हात ठेवून वाडेकर उभे होते ती सगळी वडीलधारी मंडळी गेली, आणि त्यांची जागा भरली गेली नाही. आता संघातले ज्येष्ठ म्हणजे बेदी, प्रसन्ना, वेंकट, इंजिनीअर. सगळे स्वयंभू, आपापल्या राज्याचे नाहीतर काउंटीचे मातब्बर. त्यात मार्च १९७४मध्ये बंगळूरला रणजीच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकने मुंबईला हरवलं आणि पंधरा वर्षांचं साम्राज्य संपलं. कर्नाटकचे कर्णधार कोण? प्रसन्ना. तीन महिन्यांनी प्रसन्ना आणि वाडेकर पुन्हा एकाच संघात, पुन्हा एक कर्णधार आणि दुसरा हाताखाली. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे आपण ठरवू नये. पण हा प्रश्न कुणीतरी समोर बसवून बोलायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

१९७४चा इंग्लंडमधला उन्हाळा थंड, ओला, चेंडू वळवळणारा. मँचेस्टरला ११३ धावांनी पराभव. लॉर्ड्सला इंग्लंडच्या ६२९ धावा, चंद्रशेखर यांचा अंगठा दुखावलेला, आणि दुसऱ्या डावात १७ षटकांत सर्वबाद ४२. सोलकर नाबाद १८. बर्मिंगहॅमला पुन्हा डावाने. तीनपैकी तीन. मैदानाबाहेर वेगळीच नामुष्की: लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तांच्या स्वागत समारंभाला संघ उशिरा पोचला आणि तिथे झालेला अपमान वर्तमानपत्रांत गाजला. कर्णधार आणि बेदी यांच्यातला बेबनाव लपून राहिला नाही. इंदूरमध्ये १९७१च्या विजयाच्या स्मरणार्थ उभारलेली प्रचंड बॅट लोकांनी विद्रूप केली. परत आल्यावर पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळलं गेलं आणि त्यांनी निवृत्ती घेतली. वेस्ट इंडिजविरुद्धच्या पुढच्या मालिकेला कर्णधार म्हणून पतौडींना पुन्हा बोलावलं गेलं.

प्रशिक्षणवर्गात इथे पोचलो की मी विचारतो, वाडेकर चुकले कुठे? बहुतेक जण म्हणतात, कडक व्हायला हवं होतं. मला तसं वाटत नाही. ४२ धावांचा डाव कडकपणाने वाचत नाही. त्या खेळपट्टीवर, त्या हवेत इंग्लंडच्या अर्नोल्ड आणि ओल्ड यांनी जे चेंडू टाकले त्याला तंत्र लागतं, तयारी लागते. पण एक फरक नोंदवावासा वाटतो. १९७१मध्ये वाडेकरांचं मौन हे ऐकण्यासाठी होतं. बोलणारे भोवती होते, त्यांना बोलायची मुभा होती, आणि शांत कर्णधार त्यांच्यातून निवड करत होता. १९७४मध्ये तेच मौन उरलं, पण सल्ला देणारे गेले होते. जे होते त्यांच्याशी नातं नव्याने बांधावं लागणार होतं, आणि ते फक्त शांत राहून होण्यासारखं नव्हतं. मितभाषी माणसाला नेतृत्व जमत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याला मधली माणसं लागतात, आणि ती निघून गेली की ताबडतोब दुसरी शोधावी लागतात, एवढाच आहे. बढती मिळालेला माणूस पहिल्या सहा महिन्यांत हे काम जिवाच्या आकांताने करतो. तिसऱ्या वर्षी, सगळं सुरळीत चालल्यावर, ते करायचं राहून जातं. संघ मात्र दरम्यान बदललेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे संस्थेची. पंधरा महिने एकही कसोटी नाही, आणि लगेच इंग्लंडच्या ओल्या उन्हाळ्यातला दौरा. या नियोजनाबद्दल कुठलीच बॅट विद्रूप झाली नाही. एकट्या कर्णधाराच्या नावावर जय लिहिला होता म्हणून पराजयही त्याच्याच नावावर लिहिला गेला. नव्या अधिकाऱ्याने यातून सावध व्हावं ते असं: यशाच्या वेळी 'हे सगळं मीच केलं' हे लोकांचं म्हणणं मान्य केलं, तर पुढचं बिल एकट्याच्या नावावर फाटतं. वाडेकरांनी ते कधी म्हटलं नव्हतं. लोकांनी म्हटलं, आणि तेवढं पुरलं.

१९७४नंतर वाडेकर स्टेट बँकेत रमले आणि वरच्या पदांपर्यंत गेले. १९९२मध्ये ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. दक्षिण आफ्रिकेचा दौरा भारताने गमावला होता आणि अझरुद्दीनचं कर्णधारपद डळमळीत होतं. १९९३च्या सुरुवातीला इंग्लंड आपल्याकडे आला तेव्हा ईडन गार्डन्सवर अझरने १८२ केल्या, आणि कुंबळे, राजू, चौहान या तिघा फिरकी गोलंदाजांच्या जोरावर भारताने मालिका ३-० जिंकली. एका मितभाषी, दडपणाखालच्या कर्णधाराच्या बाजूला आता एक असा माणूस होता ज्याने तेच दडपण, तोच गौरव आणि तीच अवहेलना सोसलेली होती. १९७४मध्ये वाडेकरांच्या शेजारी असा कुणी नव्हता.

मार्च १९९४मध्ये ऑकलंडला न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्याच्या सकाळी सिद्धूची मान आखडली. सचिन तेंडुलकर वीस वर्षांचा, तोवर मधल्या फळीत खेळणारा. तो अझर आणि वाडेकरांकडे गेला आणि म्हणाला, मला सलामीला पाठवा, नाही जमलं तर पुन्हा मागणार नाही. दोघांनी त्याला पाठवलं. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या, आणि पुढची अठरा वर्षं एकदिवसीय क्रिकेटमध्ये बहुतेक वेळा तोच सलामीला जात राहिला.